उंबरठ्याबाहेर गेलेला घाव

१३२१ साली चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठाण्याच्या बंदरात उतरले. त्यांना जायचे होते कोल्लमला. वाऱ्याने जहाज इकडे आणले. ठाण्यात त्या काळी नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची १५ घरे होती. त्यांतल्या एका घराने त्यांना आसरा दिला. त्यांचे हौतात्म्य आपल्याला ठाऊक असते. त्याची सुरुवात कशी झाली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. पुढे काही काळाने येथे आलेल्या ओडोरिक या संन्याशाने ती नोंदवून ठेवली आहे.

घरच्या यजमानाचे पत्नीशी भांडण झाले आणि त्याने तिला मारले. ती काझीकडे दाद मागायला गेली. पुरावा काय, असे काझीने विचारताच तिने पाहुण्यांना साक्षीदार म्हणून सांगितले. पीटर सामान राखायला घरी थांबले. थॉमस, जेम्स आणि डेमेट्रियस हे तिघे गेले. विचारपूस धर्माच्या वादाकडे वळली आणि त्या तिघांचा वध झाला. मागोमाग पीटरही सुटले नाहीत.

या चार मृत्यूंना जबाबदार कोण? पत्नी नव्हे, न्याय मागणे हा अपराध नसतो. वधाचे पातक वध करणाऱ्यांचेच. मग तो यजमान? हात उगारताना त्याला पुढचे काहीच दिसत नव्हते. न दिसलेल्या परिणामांचे सारे ओझे माणसावर घालणे अन्यायाचे होईल. परंतु आपला हात कोणावर पडतो आहे, हे त्याला स्वच्छ दिसत होते. त्याची जबाबदारी तेथे सुरू होते.

मुलांना शिकवताना आपण नेमके हेच विसरतो. ‘असे केलेस तर पुढे काय होईल ठाऊक आहे?’ म्हणून आपण त्यांना भीती घालतो. मूल मग परिणामाला भिते. समोरच्याचा चेहरा पाहायला शिकत नाही.

डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या अंगणात माझ्या नातवाने एका सवंगड्याच्या तोतरेपणाची नक्कल केली. सारी मुले हसली. मी रागावलो, ‘माफी माग’ म्हणालो. त्याने ती चटकन मागितली आणि पुन्हा खेळायला धावला. चार दिवसांनी मी त्याला एवढेच विचारले, ‘तो हल्ली खाली दिसत नाही. त्या दिवशी तुम्ही हसलात, तेव्हा तो काय करत होता?’ नातू बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘चपला शोधत होता.’

त्याने ते पाहिले होते. फक्त त्याकडे परत वळून बघायला कोणी सांगितले नव्हते. त्याच संध्याकाळी तो आपण होऊन दोन जिने चढून गेला. सवंगडी मात्र त्या दिवशी खाली आला नाही. दुसऱ्या आठवड्यात आला. क्षमा मागणे आपल्या हाती असते, ती केव्हा मिळावी हे नसते. हेही मुलाला कळलेले बरे.

रात्री घरात रोझरी झाली की आपण मुलांना विचारतो, ‘आज काय चुकले?’ त्याच्या जोडीला आणखी एक विचारावे: ‘आज तुझ्यामुळे कोणाचा चेहरा उतरला?’ आणि त्याच प्रश्नाचे उत्तर प्रथम आपण, वडीलधाऱ्यांनी, मुलांच्या देखत द्यावे. ठाण्यातला तो घाव एका वडीलधाऱ्याच्याच हातून पडला होता.