कूळ मालक झाल्यावर

गोव्यात १९६७ साली अडीच महिन्यांच्या आत दोनदा मतदान झाले. १६ जानेवारीला जनमत कौल होता. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे संघप्रदेश म्हणून वेगळे राहणे. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. ज्या पक्षाच्या नावातच महाराष्ट्र होता, त्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची मुख्य मागणीच लोकांनी फेटाळली. मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि तोच ‘मगो’ ३० पैकी १६ जागा जिंकून सत्तेवर आला. दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

हे नेहमी कोडे म्हणून सांगितले जाते. त्यातला अर्धा भाग साध्या गणिताचा आहे. विलीनीकरणाला सुमारे ४४ टक्के मते होती, मगोला मार्चमध्ये सुमारे ४०. कौलात दोनच बाजू होत्या, निवडणुकीत विरोधातली मते विखुरली. म्हणून पक्ष जास्त मते मिळूनही हरला आणि कमी मते मिळूनही जिंकला. उरलेला अर्धा भाग मात्र गणिताने सुटत नाही. विलीनीकरणाचे दार बंद झाले, तरी त्या ४० टक्क्यांनी पक्षाची साथ का सोडली नाही? १९७२ साली तर जागा वाढून १८ झाल्या.

याचे उत्तर शोधायचे तर मुंडकाराच्या घरापाशी जावे लागते. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर घर करून राहणारा. घर त्याचे, घराखालची जमीन दुसऱ्याची. भाटकाराच्या माडांची राखण करायची, त्याच्या घरी पडेल ते काम करायचे आणि त्याची मर्जी सांभाळायची. ती फिरली तर बिऱ्हाड उचलावे लागण्याची भीती कायम डोक्यावर. शेत करणाऱ्या कुळाची गतही फार निराळी नव्हती. भाटकारांत उच्चवर्णीय हिंदूही होते आणि ख्रिस्तीही. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या नव्या काबिजादींच्या, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर जिंकलेल्या मुलखाच्या, बाजूचा हिंदू बहुजन समाज बहुतेक या नात्याच्या खालच्या टोकाला होता.

या माणसाला महाराष्ट्र कशासाठी हवा होता? भाषेसाठी आणि संतांसाठी हवा होता, हे खरेच आहे. देवळातले भजन मराठीत, पोथी मराठीत. पण सीमेपलीकडे १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक झाले होते, हेही तितकेच खरे. माझ्या मते ‘महाराष्ट्र’ या शब्दात त्या मतदाराने या दोन्ही गोष्टी ऐकल्या: आपली भाषा आणि आपली जमीन. कौलात पहिलीचा एक मार्ग बंद झाला. दुसरी मिळवायला पणजीतली सत्ता पुरेशी होती.

मगोने ती सत्ता वापरली, याचे श्रेय त्या पक्षाला पुरेसे दिले जात नाही. भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक. त्यांच्या कारकिर्दीत १९६४ साली कूळ कायदा आला आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. पोर्तुगीज राजवटीत ज्यांच्या दाराशी शाळा कधी आली नव्हती, त्यांची मुले पाटी घेऊन बसली. १९७३ च्या ऑगस्टमध्ये भाऊसाहेब गेले आणि त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला. १९७६ साली कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणारा मालक ठरला. ज्या मागणीसाठी पक्ष स्थापन झाला ती हरली, पण ज्या मागणीसाठी लोक त्याच्याकडे आले होते ती १३ वर्षांत कायद्याच्या पुस्तकात उतरली.

त्यानंतर चार वर्षांतच पक्ष कोसळला. १९७९ साली आमदार फुटून सरकार पडले आणि जानेवारी १९८० च्या निवडणुकीत मगोला सातच जागा मिळाल्या. फुटीरांना दोष देणे सोपे आहे. मला वाटते, पक्षाच्या मतदाराचे आयुष्यच तोवर बदलत चालले होते. कुळाला मालकी मिळू लागली होती. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला आता नोकरी हवी होती आणि गावाला रस्ता. त्यासाठी दिल्लीशी नाते असलेली काँग्रेस अधिक कामाची होती. मतदाराने गद्दारी केली नाही, तो पुढे सरकला. पक्षाने त्याच्याबरोबर जायला हवे होते.

पक्ष मात्र उलट दिशेने, आपल्या नावाकडे गेला. राजभाषेचा लढा पेटला आणि ४ फेब्रुवारी १९८७ रोजी कोकणी राजभाषा झाली. मराठीला वापराची मुभा राहिली, मान राहिला नाही, अशी मराठीवाद्यांची भावना झाली. ती भावना खोटी नव्हती. तिच्या बळावर १९८९ साली ४० च्या विधानसभेत मगोने १८ जागा जिंकल्या. पण हे १८ आणि १९७२ चे १८ एक नव्हेत. आधीच्या मतामागे शेत होते, या मतामागे दुखावलेली अस्मिता. आणि पुढच्याच वर्षी पक्ष काँग्रेसमधून फुटलेल्या गटाबरोबर सत्तेत बसला. त्या गटात कोकणीच्या लढ्यात आघाडीवर असलेले चर्चिल आलेमाव होते आणि काही दिवस तेच मुख्यमंत्री झाले. भाषेसाठी मत दिलेल्या माणसाला हे काय वाटले असेल? १९९१ च्या जानेवारीत रवी नाईक मगोतून गट घेऊन बाहेर पडले आणि काँग्रेसच्या पाठबळावर मुख्यमंत्री झाले.

अस्मितेच्या मताची एक अडचण असते. जमीन देणारा कायदा एकाच्या नावावर राहतो, अस्मिता कुणीही मोठ्या आवाजात बोलू शकतो. १९९४ साली मगोने भाजपशी युती केली. मगोच्या १२ जागा आल्या, भाजपच्या चार. मोठा भाऊ कोण, याविषयी तेव्हा शंका नव्हती. पण बहुजन हिंदूंच्या घरांत भाजपला प्रवेश मिळाला तो या युतीच्या दारातून. १९९९ साली भाजप १० वर पोहोचला आणि मगो चारवर. २००२ साली १७ आणि दोन. मराठी शाळेत घडलेल्या समाजाला आता ‘हिंदू’ म्हणून हाक येत होती, आणि ती देणाऱ्याकडे मनोहर पर्रीकरांसारखा नेता होता आणि देशभरची संघटना होती.

२०१९ साली मगोच्या तीनपैकी दोन आमदारांनी गट भाजपमध्ये विलीन केला. महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी निघालेल्या पक्षासाठी तो शब्द फार जिव्हारी लागणारा होता. २०२२ साली मगोने तृणमूल काँग्रेसबरोबर निवडणूक लढवली, दोन जागा जिंकल्या आणि निकालानंतर भाजपला पाठिंबा दिला.

काम संपले म्हणून पक्ष संपला, असे यावर म्हटले जाते. मी ते मानत नाही. मुंडकारांचे दावे आजही मामलेदार कचेऱ्यांत पडून आहेत. १९७५ च्या कायद्याने घर वाचले, पण घराखालची जमीन नावावर करून घेताना पिढी उलटली. अर्ज आजोबांनी केलेला असतो आणि तारखेला नातू उभा राहतो. तोवर त्याच रस्त्यावर बाहेरच्या पैशाने बंगले उठलेले असतात आणि त्या जमिनीचा भाव त्याच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो. त्याच्या दाव्याला तारीख कोणती मिळाली, हे विचारायला मगोच्या सिंहाच्या निशाणीचा कार्यकर्ता एकेकाळी आला असता.