थरथर थांबली, कारण कळलं का?

कार्ब्युरेटरची मारुती जिप्सी एमपीएफआयवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनावर, नेली की मालक एक तक्रार हमखास घेऊन येतो. "रेस दिली की झकास चालते हो, पण उभी केली की थरथरते." इंजिन गरम, गिअर न्यूट्रल, आठशे-साडेआठशे आरपीएम, आणि बॉनेटपासून स्टिअरिंगपर्यंत एक लंगडा ठेका. दीड हजाराच्या वर गेलं की सगळं गुळगुळीत. आमच्याकडे याला मिसिंग म्हणतात. ते कुठून येतं हे शोधणं हा माझा धंदा. पण ते सापडलं असं नेमकं कधी म्हणायचं, हा प्रश्न मला धंद्यापेक्षा मोठा वाटत आला आहे.

माझं गॅरेज वाईत आहे. वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. मी आयटीआयला असताना त्यांनी मला अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्राचा प्राथमिक ग्रंथ वाचायला लावला. आठल्ये आणि बोडस यांची मुंबईला 1897 साली निघालेली आवृत्ती त्यांच्या कपाटात होती. दिवसा प्लग आणि टायमिंग, रात्री पक्ष, हेतू, व्याप्ती. दोन्हीकडचे गुरुजी फिरून फिरून एकच विचारायचे: हे यामुळेच झालं, हे तू कशावरून म्हणतोस?

भिलारच्या एका काकांची जिप्सी माझ्याकडे आली ती इंजिन दुसरीकडे बदलून. जुनं 1300 सीसीचं कार्ब्युरेटरचं इंजिन काढून त्याच घराण्यातलं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, सोबत त्याचा ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि वायरिंगचा हार्नेस. मारुतीने जिप्सीला हे इंजिन 2000 साली दिलं. घाटावरच्या माणसाने हा खर्च का करावा, तेही उघड आहे. वाई सातशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. पसरणी घाट चढताना हवा विरळ होत जाते आणि कार्ब्युरेटरला ते कळत नाही, तो पेट्रोल ओततच राहतो. एमपीएफआयचा मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजतो आणि ईसीएम त्या हिशोबाने पेट्रोल कमी करतो.

गाडीबरोबर थरथरीची तीन कारणंही आली होती. काकांच्या आई म्हणत होत्या, इंजिन अमावास्येला उतरवलं. मुलगा म्हणत होता, ईसीएम गेलाय, नवा टाका. आधीचे मिस्त्री म्हणाले होते, कुठेतरी हवा ओढतंय.

आजींचं म्हणणं मी आधी घेतो, कारण लोक ते हसून सोडून देतात आणि मला ते पटत नाही. नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, ईश्वर, काल, दिशा आणि अदृष्ट (पूर्वकर्माचं न दिसणारं फळ) यांना कारणांमधून हाकललेलं नाही. ती प्रत्येक कार्याची कारणं आहेत असंच ते मानतात आणि त्यांना साधारण कारणं म्हणतात. मीही ईश्वर मानतो. कृष्णेकाठच्या ढोल्या गणपतीला नमस्कार करून मगच शटर वर करतो. पण जे सगळ्याचंच कारण आहे, ते एका बिघाडाचं उत्तर होऊ शकत नाही. अमावास्या चारही सिलिंडरवर सारखीच आली होती. मग लंगडतो तो एकच का? हा ‘एकच का’ विचारला की काल आणि अदृष्ट आपापल्या जागी राहतात आणि आपल्याला हात काळे करावे लागतात. न तपासताच ‘दैव’ म्हणणारा देवाला मोठं करत नाही. आपला आळस तो देवाच्या नावावर टाकतो.

मुलाचं म्हणणं यंत्राच्या साक्षीवर उभं होतं. स्कॅनरमध्ये एकही कोड नव्हता, मिश्रणाचे आकडेही ठीक. "सेन्सर चांगले, म्हणजे ईसीएमच." न्यायात शब्द, म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं, हेही प्रमाण (ज्ञानाचं साधन) आहे, पण सांगणारा आप्त हवा. आप्त म्हणजे ज्याला खरं ठाऊक आहे आणि जो ते आहे तसं सांगतो. स्कॅनर खोटं बोलत नाही, पण त्याला ठाऊक किती आहे? ऑक्सिजन सेन्सर बसतो तिथे चारही सिलिंडरचा धूर एकत्र आलेला असतो. एक सिलिंडर उपाशी आणि तीन किंचित जास्त जेवलेले, तरी त्याच्यापाशी बेरीज बरोबरच येते. त्याने बेरीज सांगितली, आणि मुलाने ती प्रत्येकाची तब्येत म्हणून ऐकली.

मिस्त्रींचं म्हणणं सगळ्यात जवळचं, म्हणून सगळ्यात फसवं. ‘हवा ओढली की मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, लीन झालं की मिसिंग’ ही आमच्या धंद्यातली व्याप्ती, म्हणजे ‘जिथे हे तिथे ते’ असा नियम, आहे. पण तिला उपाधी, म्हणजे न सांगितलेली एक अट, चिकटलेली आहे. अग्नी तिथे धूर, असं आपण सहज म्हणतो. शास्त्र थांबवून विचारतं, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर कुठाय? धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. आत येणारी हवा ज्या गाड्यांत मोजली जाते, तिथे न मोजलेली हवा शिरली की मिश्रण लीन होणारच. या जिप्सीत हवा मोजलीच जात नाही, दाब मोजला जातो. मॅनिफोल्डच्या सामाईक पोटाला भोक पडलं तर दाब वाढतो, ईसीएम त्या दाबाला पेट्रोल देतो आणि इंजिन फार तर जरा चढं चालतं. लंगडेल कधी? भोक एकाच सिलिंडरच्या नळीला असेल तेव्हा. पेट्रोल चौघांना सारखं आणि हवा एकालाच जास्त. म्हणजे ‘हवा ओढतंय’ हे अर्धं वाक्य आहे. कुठे ओढतंय, हे कळल्याशिवाय ते ज्ञान नव्हे.

मग तपास. इंजिन गरम करून इंजेक्टरचे कनेक्टर एकेक काढायचे. एक काढला, आरपीएम धाडकन पडला, दुसरा, तसंच, चौथा, तसंच. तिसरा काढला तेव्हा ठेका जवळपास तोच राहिला. ज्याच्या असण्या-नसण्याने फरक पडत नाही, तो काम करत नव्हता. हा व्यतिरेक, म्हणजे काढून पाहणं. पुढे तिसऱ्याचा इंजेक्टर दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचा तिसऱ्यावर. लंगडणं तिसऱ्यावरच राहिलं, इंजेक्टर सुटला. प्लगचं तेच. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं सारखं. ‘मुक्तावली’त विश्वनाथ पंचानन कुंभाराच्या गाढवाचा दाखला देतात: माती आणताना ते होतं खरं, पण घडा त्याच्यावाचूनही होतो. या जिप्सीत प्लग, इंजेक्टर, आणि मुलाने बदलायला काढलेला ईसीएमसुद्धा, सगळी त्या गाढवाच्या ओळीतली निघाली. बिघाडाच्या वेळी तिथे होती, एवढंच.

शेवटी स्मोक टेस्ट. इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डमध्ये हलक्या दाबाने धूर सोडायचा आणि बघत बसायचं. तिसऱ्या नळीला एक रिकामं नाक होतं, ज्या गाडीचं इंजिन आणलं तिच्या कसल्यातरी पाइपचं. त्यावर बसवलेली रबरी टोपी बुडाशी तडकली होती आणि तिथून धुराची बारीक रेघ निघाली. सगळं जुळत होतं. गार असताना आयडल चढं आणि मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), म्हणून दोष झाकला जायचा. रेस दिली की थ्रॉटलमधून इतकी हवा येते की त्या फटीची हवा किरकोळ ठरते. नवी टोपी बसवली, थरथर गेली.

काका खूश होऊन खिशात हात घालत होते, आणि मी टोपी परत काढली. थरथर परत आली. "अहो, झालं होतं की! आता कशाला बिघडवता?" काकांचा हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

न्यायभाष्याच्या सुरुवातीलाच वात्स्यायन म्हणतात की ज्ञान खरं की खोटं, हे त्यावर विसंबून केलेल्या कृतीच्या यशावरून ठरतं. पाणी दिसलं, गेलो, तहान भागली. म्हणजे ते पाणीच होतं. काकाही हेच म्हणत होते: थरथर गेली, म्हणजे कारण कळलं. पण बाराव्या शतकात ‘खण्डनखण्डखाद्य’ लिहिणाऱ्या श्रीहर्षाने इथे बोट ठेवलं. मुठीत कवड्या किती, असं विचारल्यावर कुणीतरी उगाच ‘पाच’ म्हणतो आणि पाच निघतात. कुणी धुक्याला धूर समजतो, डोंगरावर अग्नी आहे म्हणतो, आणि तिथे खरंच अग्नी असतो. त्याला कळलं होतं का?

गॅरेजमध्ये हे धुकं रोज भेटतं. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवून आयडल हजाराच्या वर न्या, थरथर दिसेनाशी होईल. गिऱ्हाईक पैसे देऊन जाईल, आणि तिसरा सिलिंडर उपाशीच राहील. बॅटरीची वायर काढून लावली तरी ईसीएम शिकलेलं विसरतो आणि गाडी काही काळ बरी वाटू शकते. कृती यशस्वी, ज्ञान शून्य. त्याहून वाईट म्हणजे मिस्त्री तेच ‘ज्ञान’ पुढच्या गाडीवर वापरतो आणि हाताखालच्या पोराला शिकवतो.

मी श्रीहर्षाइतका निराश नाही. प्रमाणांवरचा विश्वासच सोडावा, असं मला वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच की एका यशावर कारण ठरवू नये. टोपी लावली, थरथर गेली, हा अन्वय, म्हणजे लावून पाहणं. पण टोपी लावताना माझा हात शेजारच्या वायरला लागला असेल आणि सैल कनेक्टर बसला असेल, तर? टोपी काढल्यावर दोष परत आला आणि लावल्यावर परत गेला, तरच ती शंका मिटते. शिवाय गरम असतानाच का, आयडलवरच का, तिसऱ्यालाच का, या तिन्ही प्रश्नांना त्याच कारणाने उत्तर दिलं पाहिजे. एकाला जरी दिलं नाही, तर शोध संपलेला नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

काकांना मी टोपी दोनदा काढून-लावून दाखवली आणि तडकलेली टोपी त्यांच्या हातात दिली. ती घरी आजींना दाखवतो म्हणाले.

तुमची गाडी कुठेही दुरुस्त होवो, पैसे देण्याआधी मिस्त्रींना सांगा, जे बदललं ते काढून बिघाड पुन्हा दाखवा. जिथे काढून दाखवणं शक्य नसेल, तिथे जुना भाग मागून घ्या आणि तो नेमका कुठे गेला आहे ते विचारा. हे न चिडता दाखवणारा मिस्त्री भेटला तर त्याला सोडू नका, चार पैसे जास्त गेले तरी.