आपोआप

बुलढाण्यात चांगला पाऊस झाला की एक बातमी ठरलेली असते: येळगाव धरण भरलं, स्वयंचलित दरवाजे उघडले, पैनगंगेकाठच्या लोकांनी सावध राहावं. शहराला पाणी देणारं धरण भरलं म्हणून आपण खूश होतो, सांडव्याचे फोटो स्टेटसला टाकतो. मला मात्र त्यातला 'स्वयंचलित' हा शब्द खटकतो.

साधा सांडवा म्हणजे ठरावीक उंचीची भिंत. तिच्यावरून जाणाऱ्या पाण्याचा थर दुप्पट झाला, तर विसर्ग सुमारे २.८ पट होतो. पूर आला की तलाव फुगतो, थोडा पूर स्वतःच्या पोटात घेतो आणि बाकीचा सावकाश खाली सोडतो. पण पुरासाठी जागा मोकळी ठेवली, तर तेवढं पाणी साठवता येत नाही. म्हणून सांडव्यावर दरवाजे येतात. विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली पुण्याजवळ खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले, ते धरण न वाढवता साठा वाढवण्यासाठीच. अशा दरवाज्याचं तत्त्व सोपं आहे. पाणी ठरलेल्या पातळीवर गेलं की दाब आणि वजन यांचा तोल ढळतो आणि दार उघडतं. वीज नको, माणूस नको.

तलावाची पातळी स्थिर राहते. पण वरून आलेला चढउतार कुठे जातो? तो खाली सरकतो. दार एकदम उघडलं की नदी एकदम चढते, आणि काठावर कुणाची मोटार असते, कुणाची गुरं असतात. आपली स्थिरता त्यांच्या अस्थिरतेवर उभी असते.

म्हणून दरवाजे नकोत, असं मी म्हणणार नाही. टंचाईच्या जिल्ह्यात प्रत्येक इंच साठा मोलाचा आहे. पण 'आपोआप उघडलं' म्हणताना आपण हळूच हात झटकतो. त्या रात्री निर्णय कुणी घेतला नाही, हे खरं. पण तो आधीच घेऊन ठेवला होता, पातळी ठरवली त्या दिवशी. मी सॉफ्टवेअर लिहितो. 'सिस्टिमनेच केलं' हे वाक्य मीही वापरलंय, आणि ती अट मीच लिहिलेली होती.

यंत्राकडे काम सोपवता येतं, जबाबदारी नाही. पातळी ठरवणाऱ्यावर आणि ते पाणी पिणाऱ्या आपल्यावरही खालच्या गावांचं देणं लागतं. किमान वेळेवर निरोप तरी. दार खुशाल आपोआप उघडू दे. निरोप मात्र पाण्याच्या आधी पोचला पाहिजे, आणि तो आपोआप पोचत नाही.