पदराची गाठ

पूर्वी बायका काही लक्षात राहावे म्हणून पदराला गाठ मारत. संध्याकाळी गाठ सापडे. ती कशासाठी मारली, ते सापडत नसे.

हर्मान एबिंगहाउसने विसरणे मोजले. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो स्वतःच पाठ करी, स्वतःच विसरे, आणि पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले याचा हिशेब ठेवी. १८८५ साली त्याने तो छापला. पहिल्या तासातच निम्म्याहून अधिक गळून गेले होते. महिन्यानंतरही जवळजवळ पाचवा हिस्सा शिल्लक होता. दुःखाचे गणितही असेच निघते का, हे त्याने पाहिले नाही. शहाणा होता.

सतराचा पाढा जिभेला येतो, माणसाला नाही. मधूनच सतरा सत्ते विचारले की सतरा एकेपासून निघावे लागते. परवचा म्हणून घेणाऱ्यांनी ज्ञान दिले की चाल, कोण जाणे. चाल टिकली.

हेन्री मोलेसनच्या फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूचा काही भाग काढला. नव्या आठवणी त्याच भागात घडतात, हे त्यानंतर कळले. तो तेव्हा २७ वर्षांचा होता. ब्रेंडा मिल्नर त्याला पुढे वर्षानुवर्षे तपासत राहिल्या. प्रत्येक भेट त्याला पहिलीच. आरशात बघून चांदणी गिरवण्याचा सराव त्यांनी त्याच्याकडून तीन दिवस करून घेतला. तिसऱ्या दिवशी हात सफाईने चालला. आपण हे पूर्वी केले आहे, याचा त्याला पत्ता नव्हता. हाताचे उपकार माणूस एरवीही स्मरत नाही.

रशियातल्या शेरेशेव्हस्कीची पीडा उलटी. त्याला विसरता येईना. नको ते तो कागदावर लिहून काढी आणि कागद जाळी. जळक्या कागदावरही त्याला आकडे दिसत. विसरभोळ्यांना हसणाऱ्या घरांत ही गोष्ट कुणी सांगत नाही.

बाहेर काढलेली आठवण काही काळ ओली असते. परत ठेवेपर्यंत तिच्यावर कुणाचेही बोट उमटू शकते. लॉफ्टस आणि पामर यांनी १९७४ मध्ये काही जणांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. मग वेग विचारला. कुणाला विचारताना गाड्या एकमेकींना 'लागल्या' म्हटले, कुणाला 'जोरात आदळल्या'. आठवड्याने दुसऱ्या गटातल्या अधिक जणांना फुटलेली काच आठवली. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती.

म्हणून ज्या आठवणीवर हात फार फिरला, ती अधिक गुळगुळीत. शपथेवर सांगणाऱ्याला पुष्कळदा आपले मागचे सांगणेच आठवत असते. आवाज तेवढा दरवेळी चढतो.

गावच्या घराचे दार एका भावाला हिरवे आठवते, दुसऱ्याला निळे. फोटो आहे, पण कृष्णधवल. दारात आई उभी आहे. पदराच्या टोकाला गाठ स्पष्ट दिसते.