घरबसल्या पाहिलेली सभा

दसऱ्याच्या दिवशी आपट्याची पाने देऊन-घेऊन झाली, श्रीखंडाचा जडपणा डोळ्यांवर उतरू लागला, म्हणजे आमच्या विरारच्या घरात दरवर्षी एक प्रश्न उपस्थित होतो: आज सभा कोणती पाहावयाची? पूर्वी हा प्रश्न नव्हता. शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा 1966 साली दादरच्या शिवाजी पार्कवर भरला, आणि पुढे कित्येक वर्षे दसऱ्याची सायंकाळ म्हणजे एक मैदान आणि एक वक्ता असा सरळ हिशेब होता. आता सकाळी नागपूर, दुपारी सावरगाव आणि सायंकाळी मुंबईत दोन ठिकाणी, असा वक्तृत्वाचा चौफेर सुकाळ झाला आहे. सोने लुटण्याच्या सणाला शब्दांची एवढी लूट होत असता, ती आरामखुर्चीत बसून फुकट का लुटू नये, असे आमच्यासारख्या निवृत्त माणसास वाटले तर नवल नाही.

5 ऑक्टोबर 2022 ची सायंकाळ आम्ही विसरणार नाही. एक पक्ष दुभंगला होता. एक अर्धा शिवाजी पार्कवर आणि दुसरा अर्धा वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर, असे दोन मेळावे एकाच वेळी भरले. वृत्तवाहिन्यांनी पडद्याचे दोन भाग करून दोन्ही व्यासपीठे शेजारी शेजारी मांडली, जशी लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसवावी. दोन्हीकडे धनुष्यबाण होता. तीनच दिवसांनी निवडणूक आयोगाने ते चिन्ह गोठविले आणि ते तात्पुरते दोघांचेही राहिले नाही. एका व्यासपीठावर दिवंगत संस्थापकांची खुर्ची मानाने ठेवलेली, तर दुसऱ्यावर कारागृहात असलेल्या खासदारांसाठी रिकामी खुर्ची. एकीकडे 51 फुटी तलवारीचे पूजन झाले. एवढी तलवार कोणत्याही मनुष्याच्या हाताने उचलणे शक्य नाही. तेव्हा तिच्यापासून कोणास भय नाही, हा तिचा मोठाच गुण आम्हांस वाटला.

मध्येच सौभाग्यवतींनी रिमोट घेऊन आवाज बंद केला. तेव्हा एक मौज झाली. मुके झालेले वक्ते तेच हात उभारीत होते, तीच बोटे रोखीत होते, टाळीसाठी तितकेच थांबत होते. आवाजाविना कोणता कोणाचा हे ओळखण्यास पडद्यावरील पट्टी वाचावी लागे. आम्ही पोटभर हसलो. आमच्या नातवाने दोघांचीही नक्कल करून दाखविली, तिला आम्ही बक्षीस दिले, आणि लोकशाहीविषयीचे आपले कर्तव्य झाले अशा समाधानाने जेवावयास बसलो.

रात्री उशिरा आमच्या इमारतीतील एक तरुण जिन्यात भेटला. तो त्यांपैकी एका मैदानावर गेला होता. कोणत्या, हे सांगत नाही. सांगितले तर निम्मे वाचक त्याच्याविषयी आताच मत बनवतील, आणि उरलेले निम्मे आमच्याविषयी. गर्दीच्या गाडीतून दारात उभा राहून तो विरारला उतरला होता. आम्ही थट्टेने विचारले, "काय रे, किती मिळाले?" तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, तिकीट मी माझ्या पैशाने काढलं. मला तिथे जावंसं वाटलं म्हणून गेलो. तुम्ही आम्हांला हसता, हसा. पण तुम्ही कुठे जाता?"

ह्या प्रश्नास त्या रात्री आम्हांस उत्तर सुचले नाही. येथे तेच शोधण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम हसण्याची बाजू मांडू. सत्तेस हसणे हा सामान्य माणसाचा जुना हक्क आहे, आणि महाराष्ट्राने तो वगात उघडपणे बजाविला आहे. तमाशातील सोंगाड्या राजाच्या तोंडावर त्याची फजिती करतो, आणि राजाला ती ऐकून घ्यावी लागते. पण त्या हसण्याचे सारे बळ ह्या ऐकून घेण्यात आहे. आमचे हसणे कोण ऐकत होते? पडद्यावरील वक्त्यास आमचे घर दिसत नव्हते. आम्ही हसलो काय, रडलो काय, किंवा वाहिनी बदलून क्रिकेट लावले काय, त्याच्या भाषणातील एक स्वल्पविरामही हलला नसता.

डिसेंबर 1907 मध्ये सुरतेस काँग्रेसचे अधिवेशन भरले. मुंबईहून जाणाऱ्या प्रतिनिधींच्या गाड्या आमच्या ह्याच विरारवरून गेल्या. ज्या मार्गावर 12 एप्रिल 1867 रोजी विरारची पहिली स्थानिक गाडी बॅकबेकडे धावली, तोच हा मार्ग. त्या मंडपात लोकमान्य बोलण्यास उभे राहिले असता गोंधळ उडाला, आणि कोणीतरी भिरकावलेला जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता ह्या दोघांसही लागला. जोडा फेकणे हे सभ्यपणाचे कृत्य नव्हे, त्याची भलावण आम्ही करीत नाही. परंतु फेकणाऱ्यास आपण त्या सभेचे भागीदार आहोत, तेथे जे ठरेल ते आपले ठरेल, असे वाटत होते, हे तरी मानले पाहिजे. आम्ही आरामखुर्चीतून जोडा फेकला तर आमचाच दूरचित्रवाणी संच फुटेल.

सभा पाहण्याची वस्तू झाली, त्यास आता पुष्कळ वर्षे लोटली. 1948 साली अमेरिकेतील दोन्ही मोठ्या पक्षांनी आपली अधिवेशने फिलाडेल्फियास भरविली, ह्याचे एक कारण तेथून दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण करण्याची सोय होती. डेमोक्रॅटिक पक्षाच्या मंडपात शांततेचे प्रतीक म्हणून कबुतरे सोडली. ती सभागृहभर सैरावैरा फिरली आणि अध्यक्षस्थानच्या गृहस्थांच्या मस्तकावरही उतरू पाहू लागली. ट्रूमनसाहेब भाषणास उभे राहिले तेव्हा रात्रीचे जवळजवळ दोन वाजले होते, म्हणजे ज्यांच्यासाठी एवढी यंत्रे मांडली ते प्रेक्षक बहुधा निजले होते. तरी त्या काळी उमेदवार कोण हे अधिवेशनात ठरण्याचा संभव असे. पुढे ते आधीच ठरू लागले, आणि मंडपात फुगे तेवढे उरले. आपल्याकडचे मेळावे तर कधी काही ठरविण्यासाठी भरलेच नाहीत. 1885 साली मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत 72 प्रतिनिधी जमले, त्यांनी ठराव मांडले, त्यांवर वाद केला. त्यांना ध्वनिक्षेपकाची गरज पडली नाही, कारण बोलणारा आणि ऐकणारा आळीपाळीने तेच होते.

आम्ही म्हणतो की आम्ही थकलो. हा शब्द आमच्या वयाच्या मंडळींत फार प्रतिष्ठित आहे. "आम्ही सगळे पक्ष पाहिले" असे म्हणून सुस्कारा टाकला की मनुष्य शहाणा ठरतो. पण कशाने थकलो, ह्याचा एकदा हिशेब मांडून पाहिला. 1980 पासून आजवर लोकसभेच्या 12 निवडणुका झाल्या, विधानसभेच्या 10. आम्ही एकही चुकविली नाही, ह्याचा आम्हांस अभिमान आहे. 1999 साली दोन्ही मते एकाच फेरीत दिली; तेव्हा फेऱ्या 21, आणि स्थानिक निवडणुकांच्या आणखी चार-पाच धरू. घर ते शाळा, रांग, बोटावर शाई आणि परत, ह्यास अर्धा तास. एकूण सुमारे तेरा तास! पंचेचाळीस वर्षांत तेरा तासांचे श्रम करून आम्ही थकलो आहो. एका गणेशोत्सवात आरास करणारी पोरे ह्याहून अधिक जागतात आणि सकाळी कामावर जातात.

आता ह्या थकव्यास काहीच आधार नाही असे म्हटले तर स्वतःवर अन्याय होईल. महाराष्ट्रातील मतदाराने 2019 साली विधानसभेसाठी जे एक मत दिले, त्या एका मतात पुढील पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री झाले. पक्ष फुटले ते निराळेच. बिचारे मत इतक्या घरी नांदून आले की त्यास माहेरचे नावही आठवू नये. इकडे आमच्या वसई-विरारची 2009 साली महानगरपालिका झाली, 2014 साली घर न हलविता आम्ही ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्ह्यात गेलो, आणि 2020 साली नगरसेवकांची मुदत संपल्यावर पुढची पाच वर्षे पालिकेची निवडणूकच झाली नाही. ज्याची वाट पाहावयाची तेच येत नाही, तेव्हा वाट पाहणारा आडवा पडला तर दोष संपूर्ण त्याचा नव्हे. पण आडवे पडणे निराळे आणि आडवे पडून उभे असलेल्यांस हसणे निराळे. पहिले क्षम्य आहे. दुसऱ्यात एक लबाडी आहे: हसणारा स्वतःस सभेबाहेरचा समजतो, आणि जे बिघडले त्यातील आपला वाटा गुपचूप वजा करतो. जिन्यातील त्या तरुणाची आम्हांस कीव आली होती, कारण तो भाबडा ठरला तरच आम्ही शहाणे ठरत होतो.

त्याचे नेते आम्हांस पटत नाहीत, आणि आजही पटलेले नाहीत. हे त्यास सांगितलेही. तो म्हणाला, "ते असू द्या काका. सोमवारी पाण्याच्या तक्रारीला चला." आमच्या इमारतीस त्या महिन्यात आठवड्यातून दोनदा टँकर लागत होता, आणि दोन्ही सभांतून आम्ही जेवढे ऐकले तेवढ्यात त्याचा उल्लेख काही आमच्या कानी पडला नव्हता. आम्ही गेलो. कार्यालयात साहेब नव्हते. बाकावर दोन तास बसलो. समोर भिंतीवरील दूरचित्रवाणीवर त्याच मेळाव्यांतील काही भाग पुन्हा दाखवीत होते, आणि तक्रारीस आलेली मंडळी माना वर करून ते पाहत होती. शेवटी एका कारकुनाने वहीत आमची नावे लिहून घेतली व गुरुवारी येण्यास सांगितले.

गुरुवारी सकाळी तो तरुण दारात उभा राहिला. आम्हांस थोडी कणकण असल्याचे आम्ही त्यास कळविले. तो एकटाच गेला.