जागेची मध्यस्थी आणि आजीविकेचा धर्म

घर, दुकान किंवा जमीन यांच्या खरेदी-विक्रीत आणि भाडेव्यवहारात दोन पक्षांची गाठ घालून देऊन त्याबद्दल दलाली घेण्याचा व्यवसाय पत्करावा की नाही, हा प्रश्न मुंबई, ठाणे, पुणे यांसारख्या शहरांत अनेक तरुणांपुढे उभा राहतो, आणि मिळकत किती व तिची शाश्वती किती या दोनच अंगांनी तो बहुधा तोलला जातो. ही अंगे क्षुद्र नव्हेत, कारण उदरनिर्वाह धर्मविचाराच्या बाहेरचा आहे असे भारतीय परंपरेने कधीच मानले नाही. मात्र माणूस पोटासाठी रोज जे काम करतो ते त्याच्या वाणीला व इतरांशी असलेल्या त्याच्या नात्याला कोणते वळण लावते, हे तिसरे अंगही तिने तितक्याच आग्रहाने मांडले आहे. बौद्ध विचारात योग्य मार्गाने केलेल्या उदरनिर्वाहाला सम्यक आजीविका म्हणतात, आणि आर्य अष्टांगिक मार्गात तिचे स्थान सम्यक वाचा व सम्यक कर्मान्त, म्हणजे योग्य बोलणे व योग्य आचरण, यांच्या लगत आहे. जागेच्या मध्यस्थाचे जवळजवळ सगळे काम बोलण्यातूनच होत असल्याने, हे सान्निध्य त्याच्या बाबतीत विशेष अर्थपूर्ण ठरते.

व्यापारमात्राविषयीचा संशय जुना आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मणाच्या उपजीविकेची साधने सांगताना वाणिज्याला सत्यानृत, म्हणजे खरे आणि खोटे यांची सरमिसळ, असे नाव दिले आहे, आणि तरीही चाकरीपेक्षा ते पत्करण्याजोगे मानले आहे. महाभारताच्या शांतिपर्वातील तुलाधाराची कथा या संशयाला थेट उत्तर देते: ज्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे बांधले तो तपस्वी जाजली धर्म समजून घेण्यासाठी वाराणसीच्या तुलाधार नावाच्या वाण्याकडे जातो, आणि सर्वांसाठी सारखा राहणारा आपला तराजू हीच आपली साधना असल्याचे तो वाणी त्याला सांगतो. कोणताही व्यवसाय जात्याच हीन नसतो, तो ज्या रीतीने केला जातो तिच्यावर त्याचे मोल ठरते, हा या कथेतला विचार आजही टिकाऊ आहे. परंतु जागेच्या मध्यस्थाला ही कथा पुरत नाही. तुलाधाराचा माल त्याचा स्वतःचा होता, तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर होता, आणि तोलण्यात खोट असती तर ती दुसऱ्या तराजूवर उघडकीस आली असती. मध्यस्थाजवळ मात्र माल नसतोच. त्याच्याजवळ असते ती माहिती, आणि ती एका पक्षाला ठाऊक व दुसऱ्याला अज्ञात असते यावरच त्याच्या व्यवसायाची सारी इमारत उभी असते.

ही माहिती कोणत्या प्रकारची असते हे एका सातबारा उताऱ्यावरून ध्यानात येते. गाव नमुना सात आणि बारा यांच्या या एकत्रित उताऱ्यावर मालकाचे नाव व क्षेत्र ठळकपणे दिसते, आणि सामान्य खरेदीदार तेवढेच वाचतो. पण भोगवटादार वर्ग दोन अशी नोंद असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही, आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात कुळाचे नाव किंवा सहकारी सोसायटीचा बोजा असेल तर खरेदीखत झाल्यावरही कटकट संपत नाही. अनुभवी एजंटाची नजर प्रथम याच रकान्याकडे जाते. शहरी सदनिकेच्या बाबतीत हेच ज्ञान दुसऱ्या रूपात असते: इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे का, सांगितलेले क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्ट-अप, आणि वरच्या मजल्यावरच्या ज्या खोलीची भिंत दर पावसाळ्यात ओल धरते ती फेब्रुवारीत नुकतीच का रंगवली आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासात जमीन आणि कागद यांच्यामधल्या या जागेने फार दुःख पाहिले आहे. 1875 साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर व खतांवर होता आणि ते हस्तगत करून जाळण्यात आले, कारण ज्यावर अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते. जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथातही निरक्षर कुणबी आणि कागद जाणणारा माणूस यांच्यातील विषमता हे दुःखाचे एक मूळ म्हणून दाखवले आहे. देहूच्या तुकारामांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली अशी जी परंपरा आहे, तिच्यामागेही कागदाच्या सत्तेची हीच जाण असावी. जमिनीविषयीच्या असत्याला धर्मशास्त्रांनी वेगळे काढले आहे, हेही लक्षणीय आहे. जैन गृहस्थाच्या सत्य अणुव्रतात, म्हणजे संसारी माणसाने पाळावयाच्या मर्यादित व्रतात, जी स्थूल असत्ये वर्ज्य आहेत त्यांत भूमीविषयीचे असत्य स्वतंत्रपणे सांगितले आहे. आणि मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात खोट्या साक्षीचे पाप पशू, गाय, घोडा, मनुष्य असे चढत जाऊन भूमीपाशी सर्वाधिक होते. फसलेला घोडा पुन्हा घेता येतो, पण बुडालेली जमीन किंवा आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेले सदोष घर बहुतेकांना दुसऱ्यांदा घेता येत नाही, एवढे साधे कारण त्यामागे पुरेसे आहे.

तथापि खोटे बोलणे आणि न बोलणे या दोन गोष्टी एक आहेत काय, हा मध्यस्थासमोरचा खरा कठीण प्रश्न आहे, आणि त्याची सर्वांत नेमकी चर्चा रोममध्ये सापडते. सिसेरोने इसवी सनपूर्व 44 मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात घर विकणाऱ्या माणसाचेच उदाहरण घेतले आहे: घर रोगट आहे, खोल्यांतून साप निघतात, बांधकाम पडायला आले आहे, आणि हे मालकाखेरीज कोणालाच ठाऊक नाही. स्टोइक पंथातील डायोजेनीस याच्या मते मालकाने खरेदीवर कोणाला बळजबरी केलेली नाही, आणि प्रत्येक गोष्ट सांगत बसण्याचे बंधन त्याच्यावर नाही. त्याच पंथातील अँटिपेटरच्या मते जाणूनबुजून दुसऱ्याला चुकीच्या समजुतीत राहू देणे हा सरळ अन्याय आहे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने कौल देतो, आणि तो योग्यच आहे. भारतातील 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेही, जो दोष खरेदीदाराला सामान्य दक्षतेने कळू शकत नाही तो उघड करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकली आहे. या वादात डायोजेनीसच्या बाजूला एक बळकटी मात्र आहे, आणि ती मध्यस्थाला लागू पडत नाही: मालक आपल्या मालाबद्दल गप्प राहतो, मध्यस्थ मात्र दोघांनाही आपल्यावर विश्वास ठेवायला सांगतो. ज्याने विश्वास मागितला त्याला मौनाची मुभा उरत नाही.

बुद्धाने उपासकासाठी वर्ज्य म्हणून सांगितलेल्या शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाच व्यापारांत जागेचा व्यापार नाही. म्हणून या व्यवसायाला पापव्यवसाय म्हणण्यास आधार नाही. पण मज्झिम निकायातील महाचत्तारीसक सुत्तात मिथ्या आजीविकेची, म्हणजे चुकीच्या उदरनिर्वाहाची, जी लक्षणे दिली आहेत त्यांत ढोंग, गोड बोलून वळवणे, आडून सुचवणे आणि एका लाभाचा गळ टाकून दुसरा लाभ साधणे यांचा समावेश आहे. ही लक्षणे मुळात भिक्षूंचे आचरण डोळ्यांसमोर ठेवून सांगितली आहेत. तरी आणखी दोन पार्ट्या याच फ्लॅटसाठी थांबल्या आहेत, आजच टोकन द्या, असे सांगणाऱ्या एजंटाचे वर्णन त्यांत चुकत नाही. हा मोह केवळ स्वभावाचा नसून मोबदल्याच्या पद्धतीत रुजलेला आहे. व्यवहार झाला तरच दलाली, न झाल्यास सहा महिन्यांची पायपीट फुकट, ही या धंद्याची रीत असल्याने, ‘हे घर तुम्ही घेऊ नका’ हे वाक्य उच्चारणे म्हणजे स्वतःच्या महिन्याच्या हप्त्यावर पाणी सोडणे होय.

कायद्याने या मोहाला काही कुंपण घातले आहे. 1872 चा भारतीय करार कायदा मालकाच्या संमतीविना प्रतिनिधीने आतून स्वतःचा व्यवहार साधण्यास आडकाठी करतो. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने एजंटांची नोंदणी सक्तीची केली, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील विक्रीस मदत करण्यास मनाई केली, आणि महारेराने, म्हणजे या कायद्याखालील महाराष्ट्राच्या नियामक प्राधिकरणाने, 2023 मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण व परीक्षा बंधनकारक करण्याचे पाऊल उचलले. हे सर्व स्वागतार्ह आहे, पण जुन्या घरांची पुनर्विक्री आणि भाड्याचे व्यवहार बहुतांशी या चौकटीबाहेर राहतात.

भाड्याच्या व्यवहारातच या व्यवसायाची सर्वांत कठोर परीक्षा होते. ‘फॅमिली आहे की बॅचलर, व्हेज की नॉनव्हेज, आडनाव काय’ हे प्रश्न मुंबई-पुण्यात घरमालक स्वतः क्वचित विचारतो. ते एजंटाच्या तोंडून, बहुधा फोनवर पहिल्याच मिनिटाला विचारले जातात, आणि नकारही त्याच्याच मार्फत, ‘घर गेले’ अशा शब्दांत पोचतो. मुसलमान कुटुंब, दलित नोकरदार किंवा एकटी राहणारी स्त्री यांना होणाऱ्या अपमानाचा कर्ता अशा वेळी दिसेनासा होतो, कारण मालक म्हणतो की एजंटाने सांगितले आणि एजंट म्हणतो की मालकाची अट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सदस्यत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला. तो निर्णय सहकारी संस्थांपुरता होता, पण कायदा प्रत्येक दार उघडून देत नाही हे त्यातून स्पष्ट झाले. जेथे कायदा थांबतो तेथे माणसाच्या सदसद्विवेकाचे काम सुरू होते, आणि दुसऱ्याचा द्वेष आपल्या जिभेवरून वाहून नेणारा माणूस त्या द्वेषापासून अलिप्त राहतो असे मानण्यास कोणत्याही धर्मविचारात जागा नाही. अशा अटी असलेले घर हाती घ्यायचे नाही असे ठरवणाऱ्या एजंटाचे नुकसान होईल, आणि ते खरे नुकसान असेल.

म्हणूनच स्वधर्माची गीतेतील कल्पना, जातीने नेमून दिलेल्या कामाचा अर्थ बाजूला ठेवून, स्वतःची प्रकृती व परिस्थिती ओळखून पत्करलेले काम अशी घेतली, तर या निवडीत केवळ वृत्तीचा नव्हे तर घरच्या हिशेबाचाही विचार धर्मविचारातच येतो. नोकरी सोडून, बचत नसताना, पहिल्याच दलालीवर घराचे भाडे अवलंबून ठेवून या धंद्यात उतरणारा सज्जन माणूस स्वतःला अशा जागी नेतो जेथे खरे बोलणे त्याला परवडणार नाही. असा निर्णय निव्वळ अव्यवहार्य नसून नैतिकदृष्ट्याही सदोष आहे. चांगली माणसे या क्षेत्रात आली नाहीत तर ते वाईट माणसांच्याच हाती राहील, हा युक्तिवाद खरा आहे, कारण पहिल्यांदाच घर घेणाऱ्या दांपत्याला किंवा नवऱ्यामागे वारसनोंदीच्या फेरफारात अडकलेल्या स्त्रीला जाणत्या व निर्लोभ मध्यस्थाची नितांत गरज असते. परंतु हा युक्तिवाद करण्याचा अधिकार ज्याला वर्षभर एकही व्यवहार न झाला तरी तग धरता येईल त्याला अधिक आहे. इतरांनी हाती दुसरे उत्पन्न असताना सुट्टीच्या दिवशी हे काम शिकावे, आणि घर घेऊ नका असे पहिल्यांदा सांगण्याची वेळ आल्यावर ते वाक्य आपल्याच्याने उच्चारले जाते का, ते पाहून नोकरीचा राजीनामा लिहावा.