कायदा, नियम आणि नेम

माणसाच्या वर्तनाला आवर घालणारे किती शब्द मराठीत आहेत, याची मोजदाद करू लागल्यास मन थक्क होते. कायदा, कानू, नियम, नेम, विधी, दंडक, शिरस्ता, रिवाज, रूढी, वहिवाट, पायंडा, मर्यादा, संकेत अशी ही यादी सहज लांबवता येईल. कोशकार पुष्कळदा एका शब्दाचा अर्थ म्हणून दुसरा शब्द पुढे ठेवतो आणि मोकळा होतो. व्यवहारात मात्र असे भागत नाही. आज्ञेला आपण कोणत्या नावाने हाक मारतो, यावर ती आपण कितपत पाळणार हे बऱ्याच अंशी ठरलेले असते. म्हणून हा प्रश्न केवळ भाषेचा नसून नीतीचाही आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम या शब्दांची कुळी पाहू. ‘कायदा’ अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ पाया किंवा बैठक. मुसलमान मुलांच्या पहिल्या अक्षरपुस्तकालाही ‘कायदा’च म्हणतात, कारण पुढील सर्व विद्येचा तो पाया होय. ‘कानू’ अथवा ‘कानून’ हा शब्द ग्रीकांकडून अरबांकडे आणि तेथून आपल्याकडे आला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मोजमापाची सरळ काठी असा आहे. ‘शिरस्ता’ फारसी. त्यात दोऱ्याचे टोक ही कल्पना आहे. पूर्वीच्या कागदाचा दोरा पुढच्या कागदास जोडत जावे, तसा तो कचेरीत चालत आला. ‘नियम’ हा संस्कृत, आवरून धरणे या अर्थाच्या धातूपासून झालेला. पतंजलींच्या योगसूत्रांत शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान यांना नियम म्हटले आहे. यांतील एकही गोष्ट राजाने सांगितलेली नाही. साधक त्या स्वतःवर लादून घेतो. या ‘नियमा’चेच घरगुती रूप म्हणजे ‘नेम’.

परंतु शब्दाची कुळी हा त्याच्या आजच्या स्वभावाचा पुरावा नव्हे. स्वभाव कळतो तो उपयोगावरून. 1930 साली देशभर मिठाचा सत्याग्रह झाला. त्याला मराठी माणसाने ‘सविनय कायदेभंग’ म्हटले. ‘नियमभंग’ म्हणण्याचे कोणाच्या मनात आले नाही. कारण सरकारशी झुंज घ्यावयाची तर ती कायद्याशी घ्यावी लागते. उलटपक्षी, आषाढीची वारी एखाद्या वर्षी चुकली, तर वारकरी ‘माझा नेम चुकला’ म्हणून हळहळतो. त्याला पकडावयास शिपाई येत नाही, तरी त्याची खंत दंड भरणाऱ्याहून मोठी असते. नियमाची जागा या दोहोंच्या मधली. वाचनालयाचे, वसतिगृहाचे, क्रीडामंडळाचे नियम असतात. ते आवडत नसतील त्याने तेथून बाहेर पडावे. कायद्यातून मात्र असे बाहेर पडता येत नाही. रूढी आणि वहिवाट यांचा अधिकार मागे चालून गेलेल्यांच्या पावलांत असतो. तात्पर्य, या शब्दांतील खरा भेद कडकपणाचा नसून अधिकाराच्या स्थानाचा आहे. आज्ञा सरकारची, संस्थेची, पूर्वजांची की स्वतःच्या मनाची, हे शब्द आपल्याला सांगत असतो.

म्हणूनच या शब्दांची अदलाबदल सोपी नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत ‘कायदा’ या शब्दासाठी ‘निर्बंध’ हा पर्याय सुचवला. हेतू स्वच्छ होता आणि त्यांनी घडवलेले कित्येक शब्द मराठीत रुळलेही. पण ‘निर्बंध’ हा शब्द लोकांनी घेतला तो निराळ्याच अर्थाने. 2020 साली साथीच्या काळात सर्वांच्या तोंडी ‘निर्बंध’ होते. तेव्हा त्याचा अर्थ काही काळापुरती घातलेली अडवणूक एवढाच होता. कायद्यात अडवणुकीखेरीज हक्क देण्याचेही सामर्थ्य असते, आणि ती छटा ‘निर्बंधा’त उतरली नाही.

याचे प्रात्यक्षिक पाहावयाचे असेल त्याने पुण्यातील स्वारगेटच्या चौकात घटकाभर उभे राहावे. तेथील एस. टी. स्थानकात गाडी लागताच कोणी खिडकीतून रुमाल टाकून आसन अडवतो. या रुमालास कोणत्याही कायद्याचा आधार नाही. तरी मागून आलेला मनुष्य बहुधा तो उचलून फेकत नाही. हा रिवाज होय. वाहक स्त्रियांना अर्धे तिकीट देऊ लागला तो 17 मार्च 2023 पासून. हा रिवाज नव्हे, शासनाचा निर्णय. आणि बाहेर चौकात तांबडा दिवा लागला असता थांबणे किंवा दुचाकीवर शिरस्त्राण घालणे, हा संसदेने 1988 साली केलेल्या मोटार वाहन अधिनियमाचा अंमल. शिरस्त्राणाची तरतूद त्याच्या 129 व्या कलमात आहे.

आता आपण या तिन्ही गोष्टींना काय म्हणतो ते पाहा. कायदा आहे त्याला आपण ‘वाहतुकीचा नियम’ म्हणतो, आणि शिरस्त्राणाच्या बाबतीत तर ‘हेल्मेटसक्ती’ म्हणतो. 2019 च्या आरंभी पुण्यात तिची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा विरोधकांचे निम्मे काम या एका शब्दानेच केले. कायद्याला विरोध करणाऱ्यास तो कायदा का वाईट हे सिद्ध करावे लागते. सक्तीला विरोध करणाऱ्यास काहीच सिद्ध करावे लागत नाही. ‘नियम’ म्हटले की तो सोयीने पाळावा, उपवासाच्या दिवशी चुकून काही तोंडात गेले तर चालावे, तितकेच त्याचे वजन राहते. चौकातल्या खिडकीतला रुमाल मानणारा गृहस्थ तांबडा दिवा मानत नाही, हा विरोधाभास दिसतो तितका गूढ नाही. रुमालामागे शेजारचा माणूस उभा असतो. दिव्यामागे कोण उभे आहे, हे आपल्या शब्दाने पुसून टाकलेले असते.

कायद्याला हलके नाव दिल्याने शिस्त बिघडते. रूढीला भारी नाव दिल्याने मात्र अन्याय होतो, आणि तो अधिक भयंकर. 1891 साली संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हा पुण्यात मोठे वादळ उठले. परकीय सरकारने आमच्या धर्मात कायद्याने हात घालू नये, ही लोकमान्य टिळकांची भूमिका. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मूळ ग्रंथ उघडले आणि शास्त्राचा या कायद्यास विरोध नाही असे दाखवले. म्हणजे धर्म म्हणून जे रक्षिले जात होते, ते शास्त्र नसून रूढी होती. सरकारच्या अधिकाराविषयीचा टिळकांचा प्रश्न तेवढ्याने निकालात निघत नव्हता, हेही खरे. पण दोन निराळे प्रश्न एकाच ‘धर्म’ या शब्दाखाली झाकले गेले, आणि त्यांत ज्या मुलींविषयी वाद चालला होता त्यांचा प्रश्न बाजूला पडला.

पुढे 1929 च्या ऑक्टोबरात, स्वारगेटपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या पर्वतीवरील देवालय अस्पृश्य मानलेल्यांस खुले व्हावे म्हणून सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे ही मंडळी त्यात होती. सत्याग्रहींना मारहाण सोसावी लागली आणि देवालय त्या वेळी उघडले नाही. वाट अडवून उभी होती ती वहिवाट. मुंबई प्रांतात हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा झाला तो 1947 साली. वहिवाट या शब्दात ‘वाट’ आहे खरी. पण काहींची पावले तिच्यावर पडूच दिली नव्हती, हे तो शब्द सांगत नाही.

शब्दाच्या सीमेवर माणसांचे हक्क कसे अवलंबून असतात, याचे पुढचे उदाहरण आपल्या राज्यघटनेचेच आहे. तिच्या 13 व्या अनुच्छेदाने ‘कायदा’ या शब्दात आदेश, उपविधी, नियम, अधिसूचना यांच्याबरोबर कायद्याचे बळ असलेली रूढीदेखील घातली. हेतू असा की मूलभूत हक्कांस बाध आणणारी रूढी ‘मी कायदा नव्हे’ असे म्हणून निसटू नये. तरीही 1951 साली नरसू अप्पा माळी यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी असा निर्णय दिला की, विवाहादी बाबतींतला वैयक्तिक कायदा या अनुच्छेदाच्या अर्थाने ‘कायदा’ नव्हे. ज्याच्या नावातच कायदा, तोच कायदा नव्हे! हा केवळ शब्दच्छल म्हणून हसून सोडण्याजोगा प्रकार नाही. कित्येक स्त्रियांच्या दाव्यांचे भवितव्य त्या एका व्याख्येत गुंतले होते.

कोणी म्हणेल, सामान्य माणसाने चौकात उभे राहून कोश उघडावा काय? तशी आवश्यकता नाही. कोणतीही आज्ञा समोर आली असता तीन प्रश्न विचारावेत: ही कोणी सांगितली, ती कोणाकोणाला बांधते, आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाला आहे? जी आज्ञा सांगणाऱ्याला सोडून इतरांनाच बांधते, तिला कितीही पवित्र नाव असले तरी संशयाने पाहावे. जी सर्वांना सारखी बांधते आणि जी आपण निवडलेल्या प्रतिनिधींना बदलता येते, तिला ‘सक्ती’ म्हणून हिणवू नये. पटत नसेल तर उघडपणे ती बदलण्याचा यत्न करावा.

आणि शेवटी एवढे खरे की केवळ कायद्याच्या बळावर कोणताही समाज उभा राहिलेला नाही. प्रत्येक चौकात शिपाई उभा करता येत नाही, आणि प्रत्येक देवालयाच्या पायरीवरही नाही. सरकारने केलेला न्याय्य कायदा नागरिकाच्या अंगवळणी पडून त्याचा नेम होतो, तेव्हाच तो खरा अमलात आला असे म्हणावे. मात्र नेम धरण्यापूर्वी तो कशाचा धरतो आहोत हे पाहण्याची जबाबदारी ज्याची त्याचीच आहे. ती कोणत्याही कायद्याला, कितीही चांगला असला तरी, आपल्याकरता उचलता येणार नाही.